गुलाबाई : अंगणातली आणि रंगमंचावरची

खानदेशातील लोककलांविषयी लिहावयाचे म्हटले की आपल्याकडे एक ठरलेली यादी पुढे येते. तमाशा, वहीगायन, भारूड, गोंधळ, आणि सातपुड्याकडे नजर गेलीच तर पावरी आणि ढोल. या सर्व कला मोठ्या माणसांच्या. त्यांत फड असतो, म्होरक्या असतो, सुपारी ठरते, मानधनाचे अर्ज भरले जातात. या यादीत एका कलेचे नाव क्वचितच दिसते. कारण ती करणाऱ्यांना कलावंत म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नाही. सात-आठ वर्षांपासून चौदा-पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलींनी भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत, रोज संध्याकाळी एकमेकींच्या घरी जाऊन म्हटलेली गुलाबाईची गाणी, ही ती कला होय.

विदर्भात हिलाच भुलाबाई म्हणतात, आणि आमच्या जळगावकडेही आता दोन्ही नावे चालतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या भोंडल्याची किंवा हादग्याची ही सख्खी बहीण. फरक इतकाच की तिकडे आश्विनात, हस्त नक्षत्राच्या निमित्ताने, पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात. आपल्याकडे महिनाभर मातीची गुलाबाई कोनाड्यात किंवा पाटावर बसते. शेजारी तिचा भुलोजी असतो. कुंभाराकडून ही जोडी आणावयाची, कुठे कुठे ज्वारीच्या धांड्यांचा मखर करावयाचा आणि दिवेलागणीला गाणी सुरू करावयाची. पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेऊन रुसलेल्या शंकराला भुलविले म्हणून ती भुलाबाई, अशी कथा सांगतात. भिल्ल समाज पिढ्यान्‌पिढ्या ज्या मुलखात राहतो त्या मुलखात देवीने भिल्लिणीचे रूप घ्यावे, हे मला नुसत्या कथेपेक्षा अधिक काही सांगणारे वाटते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पंचांगाकडे पाहिले तर आणखी एक गंमत दिसते. भाद्रपदी पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी पितृपक्ष लागतो. मोठी माणसे ज्या पंधरवड्यात कोणतेही शुभकार्य काढीत नाहीत, नेमक्या त्याच पंधरवड्यात पोरी टिपऱ्या घेऊन गात हिंडतात, आणि त्यांना कोणी अडवीत नाही! मुलींच्या खेळाला धर्मशास्त्राने हिशेबातच धरलेले नाही. ही उपेक्षा त्या खेळाच्या पथ्यावर पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

गाण्यांनंतर खाऊ. पण खाऊ मिळण्यापूर्वी तो ओळखावा लागतो. घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखविते, मुली आवाजावरून अंदाज बांधतात. खुळखुळले तर फुटाणे, दबका आवाज आला तर लाडू, काहीच आवाज आला नाही तर शिरा किंवा केळे. मुलींना ओळखता येऊ नये म्हणून बायका जी अक्कल लढवितात ती पाहण्यासारखी असते. वरवर पाहता हा पोरखेळ. पण त्याच्या लोभाने लहानगी मुलगी पाच-सहा घरे, म्हणजे तासभर, न कंटाळता उभी राहते, आणि त्या तासाभरात गाणी तिच्या कानांवरून दहा वेळा जातात. शिकविण्याची याहून सोपी युक्ती मला तरी ठाऊक नाही.

आता गाण्यांच्या घडणीकडे पाहू. ती सहज पाठ होतात याचे कारण त्यांच्या चालीत जितके आहे तितकेच त्यांच्या रचनेत आहे. कारल्याच्या वेलाचे गाणे पुष्कळांना माहीत असेल. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी पेर, मग जा. बी पेरले, तर वेल वाढू दे. वेल वाढला, तर कारले लागू दे. मग भाजी चीर, शिजव, जेव, उष्टे काढ, असे करीत करीत माहेर लांबतच जाते. या गाण्यात एकही ओळ वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. कामाचा क्रम माहीत असला की पुढची ओळ आपोआप येते, आणि शेतकऱ्याच्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलीला तो क्रम माहीत असतो. दुसरा प्रकार रुसलेल्या सुनेचा. तिला न्यायला सासरा येतो, सासू येते, दीर, जाऊ, नणंद येते, प्रत्येकजण काहीतरी दागिना किंवा वस्त्र घेऊन येतो, ती कोणाबरोबर जात नाही. शेवटी नवरा येतो. येथे नात्यांची उतरंड हाच गाण्याचा सांगाडा, आणि दागिन्याच्या जागी गाणारीने वाटेल ते घालावे. तिसरा प्रकार वेड्या नवऱ्याचा. बायकोने करंज्या केल्या तर त्या होड्या समजून पाण्यात सोडणारा हा महाभाग भोंडल्यातही भेटतो. एरवी ज्या घरात नवऱ्याचे नाव घेण्याची चोरी, त्या घराच्या ओसरीवर उभे राहून मुली त्याची यथेच्छ टर उडवितात आणि आतल्या सुना पदर तोंडाला लावून हसतात. ज्यांना हे बोलण्याची मुभा नव्हती त्यांच्या वतीने ज्यांना अजून सासर माहीत नाही अशा मुलींनी बोलावे, अशी ही व्यवस्था होती.

ही गाणी कोण शिकविते? येथे मला जे सांगावयाचे आहे त्याला सुरुवात होते. आपण चटकन म्हणतो, आई शिकविते, आजी शिकविते. पण आमच्या विभागातल्या विद्यार्थिनींना, ‘हे गाणे तू कोणाकडून शिकलीस?’ असे विचारले असता ‘आईकडून’ असे सांगणाऱ्या थोड्या निघतात. ‘मोठ्या मुलींकडून’ हे उत्तर जास्त येते. गल्लीतली सातवी-आठवीतली मुलगी गाणे उचलते, तिच्या बरोबरीच्या तिला साथ देतात, आणि रांगेच्या शेवटी पहिली-दुसरीतल्या बारक्या असतात. त्यांना शब्द येत नसतात. त्या ओळीचा शेवट तेवढा मोठ्याने म्हणतात, टिपरी चुकवितात, मधेच भांडतात. दोन वर्षांनी त्या रांगेच्या मध्यात आलेल्या असतात. आणखी चार वर्षांनी गाणे त्याच उचलतात. इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने शाळकरी मुलांच्या तोंडच्या गाण्यांचा व खेळांचा अभ्यास करून 1959 साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मोठ्यांनी लहानांना सांगितलेली बालगीते वेगळी आणि मुलांनी मुलांना दिलेली गाणी वेगळी, हा भेद त्यांनी आग्रहाने मांडला. दुसऱ्या प्रकारात मोठ्यांचा हात नसतो. किंबहुना मोठ्यांना त्याचा पत्ताही नसतो. गुलाबाई बहुतांशी या दुसऱ्या प्रकारात मोडते.

याचा एक परिणाम नीट लक्षात घेतला पाहिजे. तमाशातला ढोलकीवाला चाळीस वर्षे ढोलकी वाजवितो. मधे पाच वर्षे फड बंद पडला तरी त्याच्या बोटांतले बोल जात नाहीत. फड पुन्हा उभा राहिला की तो पुन्हा बसतो. गुलाबाईत कोणीही मुलगी सात-आठ वर्षांपेक्षा अधिक काळ राहत नाही. वयात आली, कॉलेजात गेली, लग्न झाले, की ती रिंगणाबाहेर. म्हणजे सात-आठ वर्षांत संपूर्ण संच बदललेला असतो, आणि प्रत्येक वेळी गाणी पुढच्या संचाकडे गेलेली असतात, तीही कोणी मुद्दाम न देता. अशा कलेला एवढाच खंड पडला की रांगेच्या शेवटी कोणी उभे राहिलेलेच नसते. ज्यांना येते त्या आता तीस-चाळीस वर्षांच्या बायका. त्यांना शब्द आठवतात, पण शेजारी उभी राहून ऐकणारी बारकी त्यांच्याजवळ नाही.

हा खंड कशाने पडला? दूरदर्शन आणि मोबाइल यांना दोष देणे सोपे आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. पण माझ्या मते मोठे कारण वेळापत्रकाचे आहे. गुलाबाईचा महिना म्हणजे शाळेच्या पहिल्या सत्राच्या परीक्षेचा काळ. संध्याकाळी सहा ते आठ ही गुलाबाईची वेळ तीच शिकवणीच्या वर्गाची वेळ. त्यात महिन्याच्या उत्तरार्धात नवरात्र येते. गुजरातची हद्द आपल्याला लागून. गरबा-दांडिया धुळ्या-जळगावात पूर्वीपासून होताच, आता तो चौकाचौकात, ध्वनिक्षेपकावर आणि बक्षिसांसह असतो. टिपऱ्या त्याच राहिल्या, पण गाणे आता मुलींना म्हणावे लागत नाही, ते पेटीतून येते. मला दांडियाचा राग नाही. तोंड बंद ठेवून नाचणे आणि गात फेर धरणे यांत मात्र पुष्कळ अंतर आहे. गल्लीच्या जागी इमारती आल्या, हेही खरेच. बंद दाराच्या सदनिकेत दहा मुलींनी न सांगता शिरावे असे आता कोणत्याच घराला वाटत नाही.

याच्याशी ताडून पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाची देवी, रात्रभर अहिराणी गाणी, आणि सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर विसर्जन. कानबाईच्या गाण्यांची चाल बदलली, वाजंत्रीच्या जागी डीजे आला, पण उत्सव ओसरला नाही. उलट सुरतेला गिरणीत आणि यंत्रमागावर गेलेली आमची माणसे त्या दोन दिवसांसाठी हटकून गावी येतात. कारण काय? कानबाईला रोट बांधलेले आहेत. घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून गहू घ्यावयाचे, ते दळावयाचे, आणि त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच खावयाचे. रोटाच्या नेमापायी भाऊबंद जमतात आणि भाऊबंद जमले की गाणी होतात. तिकडे साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचे व्रत चालते. वाळलेल्या भोपळ्याच्या पावरीवर रात्रीमागून रात्री फेर धरला जातो. व्रत घेतलेल्यांत तरुण मुलेही असतात, आणि व्रत मोडता येत नाही म्हणून तीही फेरात टिकतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-शिरपूरकडे होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात. तेथे ढोलाभोवती नाचणाऱ्या पोरांना कोणी तालीम दिलेली नसते. बाजाराला जाणे हीच तालीम. गुलाबाईच्या मागे असे काहीच नाही. ना नवस, ना कुळाचार, ना बाजार. मुलींची मोकळी संध्याकाळ हा तिचा एकच आधार होता, आणि तोच गेला.

असे असताना गुलाबाई अजिबात नाहीशी झाली नाही, याचे बरेचसे श्रेय रंगमंचाला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानच्या वतीने भुलाबाई महोत्सव भरविला जातो. शाळाशाळांच्या मुली नटूनथटून त्यात भाग घेतात. आपल्या विद्यापीठाची स्थापना 15 ऑगस्ट 1990 रोजी झाली, आणि ‘युवारंग’ हा त्याचा युवक महोत्सव जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयीन मुलांचे मोठे आकर्षण आहे. लोकगीत, लोकनृत्य, भारूड यांची तालीम आमच्याकडे महिनाभर आधीपासून सुरू होते. कॉलेजच्या आवारात एरवी कधी न दिसणारी मुले तेव्हा डफ तापविताना दिसतात. या मंचाने एक फार मोठे काम केले. अहिराणी बोलली म्हणून शाळेत छडी खाल्लेली पिढी मी पाहिली आहे. त्याच पिढीची मुले आज नऊवारीच्या काष्ट्यावर आणि अहिराणी शब्दांवर टाळ्या घेतात. शिवाय विद्यापीठाला 2018 पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. (बहिणाबाईंची बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली, पण बोलीभाषेचा मान वाढला, एवढे येथे पुरे.) निरक्षर शेतकरी स्त्रीचे नाव विद्यापीठाला असणे, ही काही लहान गोष्ट नाही.

आणखी एक गोष्ट मंचाच्या बाजूने सांगितली पाहिजे, कारण अंगणाचे गोडवे गाणारे ती सोयीस्करपणे विसरतात. अंगण सर्वांचे नव्हते. गुलाबाई गल्लीची, आणि गावातली गल्ली म्हणजे बहुधा जातीची वस्ती. कोणत्या घरची मुलगी कोणत्या ओसरीवर चढेल हे खाऊच्या डब्याइतके गुप्त नव्हते, ते उघड ठरलेले होते. कॉलेजच्या संचात ही ओळ पुसली जाते. आमच्या एका संचात दहा मुली सात गावांच्या आणि जवळजवळ तितक्याच समाजांच्या होत्या, आणि एकाच गाण्याच्या तीन चाली निघाल्यामुळे पहिले दोन दिवस भांडणातच गेले. ते भांडण मला फार मोलाचे वाटले. मुलगे गुलाबाईच्या गाण्याला ढोलकी वाजवितात, हेही अंगणात कधी घडले नसते.

मग तक्रार कसली? तक्रार अशी की मंचाला शेपूट नसते. स्पर्धेचा नियम साधारणपणे दहा कलावंत आणि दहा मिनिटे असा असतो. त्यात चुकणारी मुलगी बसत नाही. तालमीतून ती पहिल्या दिवशीच गळते. शब्द न येता ओळीचा शेवट तेवढा मोठ्याने म्हणणारी सहा वर्षांची बारकी तर दारातही उभी राहू शकत नाही. ती आता प्रेक्षकांत, आईच्या मांडीवर बसून टाळ्या वाजविते. गाणे निर्दोष होते, पोशाख एकसारखे होतात, चित्रफीत निघते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवा संच शून्यापासून बसवावा लागतो. बसविणारा बहुधा आमच्यासारखा पगारी अध्यापक किंवा मानधनावरचा नृत्यदिग्दर्शक. मुलीने मुलीला देण्याची जी साखळी, तीच येथे नेमकी वगळली गेलेली असते. कारल्याच्या वेलाचे गाणे दहा मिनिटांत बसविण्यासाठी मधल्या चार मागण्या गाळल्या जातात, हे तर मी स्वतः तालमीत बसून पाहिले आहे. परीक्षकांच्या घड्याळापुढे सासू फारच लवकर राजी होते!

मंच आणि अंगण यांचे वैर असलेच पाहिजे असे मात्र नाही. याचे उत्तम उदाहरण आपल्याच परिसराशी नाते सांगणारे आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकविणारे साने गुरुजी पुढे राष्ट्र सेवा दलाचे दैवत झाले. 1941 साली नव्याने उभ्या राहिलेल्या या सेवा दलाचे कलापथक महाराष्ट्रभर गाजले. वसंत बापटांसारखा कवी त्याच्यासाठी लिहीत होता. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांची जडणघडण त्याच वातावरणात झाली. लोकनाट्य, पोवाडा, समूहगीत यांतून समतेचा विचार गावोगाव नेणारे ते पथक होते. पण त्याचा मंच हवेत उभा नव्हता. त्याच्याखाली रोज संध्याकाळी भरणाऱ्या शाखा होत्या. शाखेत येणारे दहा वर्षांचे पोर समूहगीत म्हणताना चुकले तरी त्याला कोणी घालवून देत नसे. ते रोज येत असे आणि रोज गात असे. आमच्या महोत्सवांना मंच आहे, शाखा नाही. साने गुरुजींनी स्वतः बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ या नावाने प्रसिद्ध केल्या, याचीही येथे आठवण ठेवावयास हवी.

संग्रहाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. धुळ्याला आपण कागद जपणारे शहर म्हणून ओळखतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 च्या अखेरीस वारले आणि लगेच, 1927 च्या जानेवारीत, त्यांच्या दप्तरांच्या रक्षणासाठी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. रामदासी हस्तलिखिते जपणारे समर्थ वाग्देवता मंदिरही तेथेच. सनदा, बाडे, हस्तलिखिते यांना दप्तर मिळाले; गाण्यांना मिळाले नाही. बहिणाबाईंच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, पुढे आणल्या म्हणून 1952 साली पुस्तक निघाले. त्या स्वतः आदल्या वर्षी गेल्या होत्या. पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी अनेक वर्षे खपून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत प्रत्येक ओवीबरोबर ती म्हणणारीचे नाव आणि गाव नोंदविलेले आहे, आणि मला त्यांच्या कामातला हा भाग आकड्यापेक्षा मोठा वाटतो. आमच्याकडे गुलाबाईच्या गाण्यांच्या पुस्तिका बाजारात मिळतात. त्यांत शब्द असतात, गाव नसते, चाल नसते, आणि कोणी कोणाला दिले हे तर नसतेच.

गेली काही वर्षे आमच्या विभागात विद्यार्थी-विद्यार्थिनींना एक वही करावयास सांगतो. घरी, मामाच्या गावी, शेजारच्या गल्लीत जे गाणे ऐकावयास मिळेल ते लिहावयाचे. पहिल्या वर्षी नुसती गाणी आली, आणि त्यांतली निम्मी भ्रमणध्वनीवरून उतरविलेली होती हे वाचताक्षणी कळत होते, कारण चार गावांच्या मुलींनी एकच चूक सारखी केलेली होती. तेव्हापासून वहीत तीन रकाने वाढविले. गाणे कोणाच्या शेजारी उभे राहून शिकलीस? त्या वेळी तुझे वय काय? आणि तुझ्याकडून कोण शिकले? पहिले दोन रकाने भरून येतात. तिसरा पुष्कळदा कोरा असतो. पारोळ्याकडच्या एका मुलीने त्यात आपल्या धाकट्या चुलतबहिणीचे नाव लिहून कंसात ‘अर्धेच’ असे लिहिले होते.

यंदा भाद्रपदी पौर्णिमेपासून युवक महोत्सवाची तालीम कॉलेजच्या सभागृहात न घेता आठवड्यातून दोन संध्याकाळी मागच्या वसाहतीच्या पटांगणात घ्यावी, असे ठरविले आहे. संचातल्या दहा मुली आत, आणि वसाहतीतल्या ज्या मुलींना यावयाचे असेल त्या बाहेरच्या फेरात. त्यांना कोणी ‘गप्प बसा’ म्हणावयाचे नाही, आणि त्यांच्यामुळे गाणे लांबले तर लांबू द्यावयाचे. गाळलेल्या चार मागण्या पटांगणात म्हणावयाच्या, मंचावर नाही म्हटल्या तरी चालेल. टिपऱ्या क्रीडा विभाग देणार आहे. खाऊची पाळी अध्यापकांची असून पहिली पाळी माझी आहे. वसाहतीतल्या एका आजींनी फुटाणे नकोत असे आधीच बजावून ठेवले आहे, ते लगेच ओळखू येतात. डब्यात ओले खोबरे घाला, म्हणाल्या, आणि डबा पितळी घ्या.